‘रिव्हर रेड’ : एका खेळाचा धंदा आणि कारीगराचे नाव

१९७८ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीत एक कापडवाला साहेब म्हणून दाखल झाला. त्याचे नाव रे कॅसार. बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या बड्या कापड कंपनीत या गृहस्थाने जवळजवळ पाव शतक काढले होते. त्यानंतर इजिप्तच्या कापसाचे शर्ट बनवून अमेरिकेत विकण्याचा स्वतःचा उद्योगही त्याने करून पाहिला होता. म्हणजे सूत, नक्शा, सीझन, दलाली आणि उधारी या गोष्टी त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. अशा माणसाला टीव्हीवर खेळायच्या खेळांच्या कंपनीत आणून बसवण्यात आले. पुढे जे घडले ते आपल्या वाचकांपैकी जे यंत्रमागाच्या, छपाईच्या, भरतकामाच्या किंवा चामड्याच्या धंद्यात आहेत त्यांनी जरूर वाचावे, कारण त्यात माल, मालक आणि कारीगर या तिघांचाही हिशोब आहे. निमित्त आहे ‘रिव्हर रेड’ नावाच्या एका जुन्या खेळाचे. नदीवरून विमान न्यायचे आणि समोर येईल ते गोळ्या झाडून पाडायचे, एवढाच तो खेळ. १९८२ च्या डिसेंबरात तो बाजारात आला.

आधी यंत्राविषयी दोन शब्द. अटारीने १९७७ साली एक डबा बाजारात आणला. तो टीव्हीला जोडायचा, वरच्या खाचेत हातात मावेल एवढे कार्ट्रिज बसवायचे आणि दांडा हातात धरून खेळायचे. किंमत सुमारे २०० डॉलर. पुढे १९८२ पासून हा डबा ‘अटारी २६००’ या नावाने विकला जाऊ लागला आणि आज त्याच नावाने ओळखला जातो. डबा एकदा घेतला की ग्राहक वर्षानुवर्षे दुसरा घेत नाही. कार्ट्रिज मात्र दर सणाला नवे लागते. आपल्याकडे लूम विकणारा एकदा कमावतो आणि सूतवाला दर आठवड्याला कमावतो, तसलाच हा मामला. अटारीचा खरा नफा कार्ट्रिजमध्ये होता.

आणि कार्ट्रिज बनवत कोण होते? त्या काळी एक खेळ म्हणजे एका माणसाचे काम होते. खेळ सुचायचा त्यालाच, चित्रे काढायची त्यानेच, आवाज बसवायचे त्याने आणि यंत्राला समजेल अशा भाषेत सगळे लिहायचेही त्यानेच. कित्येक महिने एकटा माणूस त्या एका खेळाच्या मागे असे. नक्शा काढणारा, पत्ते पंचणारा आणि लूम लावणारा एकच उस्ताद असावा, तसे समजा. त्याला पगार मिळे. खोक्यावर नाव कंपनीचे असे. कारीगराचे नाव खोक्यावर नाही, पुस्तिकेत नाही, कुठेच नाही.

१९७९ साली अटारीच्या विक्री विभागाने एक कागद कारीगरांमध्ये फिरवला. कोणते कार्ट्रिज एकूण विक्रीच्या किती टक्के खपले याची ती यादी होती. हेतू असा की, खपणाऱ्या खेळांसारखे आणखी खेळ करा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी तो कागद वेगळ्या नजरेने वाचला. त्यांनी बेरीज केली. क्रेन यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे की, त्या वर्षीच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या विक्रीपैकी साठेक टक्के विक्री या चौघांच्या खेळांची निघाली. यांचे पगार वर्षाला वीस-तीस हजार डॉलर. ते कॅसारसाहेबांकडे गेले. पुस्तके लिहिणाऱ्याला किंवा गाणे गाणाऱ्याला जसा खपावर हिस्सा आणि नाव मिळते, तसे आम्हालाही द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

साहेबांनी काय उत्तर दिले ते या मंडळींनी पुढे मुलाखतींतून सांगितले. तुमच्यासारखे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, असे साहेब म्हणाले. माझ्या जुन्या धंद्यात टॉवेलचे नक्शे काढणारे असत, तुम्ही त्यांच्यासारखेच. कार्ट्रिज कुणीही बनवू शकतो. खेळ लिहिणाऱ्याचे महत्त्व तो डब्यात भरणाऱ्या मजुराइतकेच, असाही भावार्थ होता.

टॉवेलचा नक्शा

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा थोडे हसू आले आणि थोडा रागही आला. टॉवेलचा नक्शा काढणे ही काय कुणाही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट आहे? सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना विचारा. किनारीची पट्टी दोन सूत इकडची तिकडे झाली तर तोच माल दुकानात पडून राहतो. गिऱ्हाईक कारण सांगू शकत नाही, फक्त दुसरा टॉवेल उचलतो. हे कॅसारला माहीत नसेल असे आम्हाला वाटत नाही. पंचवीस वर्षे कापडात काढलेल्या माणसाला ते पुरते माहीत असणार. पण माहीत असणे वेगळे आणि पगाराच्या वहीत लिहिणे वेगळे.

आमच्या मालेगावचेच घ्या. ओळखीच्या एका पेढीसाठी एका नक्शावाल्याने काही वर्षांपूर्वी साडीची एक किनार काढून दिली. दोन सीझन ती किनार एवढी चालली की दलाल पेढीच्या पायरीवर बसून माल उचलत. नक्शावाल्याला ग्राफचे ठरलेले पैसे एकदा मिळाले, ईदला कपडे मिळाले. त्याने नगामागे काही मिळावे असा विषय काढला, तेव्हा शेटजी म्हणाले, नक्शावाले छप्पन मिळतात. तिसऱ्या सीझनला तो पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या पेढीवर बसलेला दिसला. छप्पनांपैकी पहिल्या पेढीला पुन्हा तसा एकही सापडला नाही, हेही आम्ही पाहिले.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अटारीत नावे न छापण्याचे एक कारण असे दिले जाई की, नाव बाहेर आले तर दुसऱ्या कंपन्या आपला माणूस जास्त पगार देऊन फोडतील. हे कारण खोटे नाही. आपल्या बाजारातही चांगल्या कारीगराचा पत्ता कुणी सहज सांगत नाही. विचारले तर ‘बाहेरून करून घेतो’ एवढेच उत्तर मिळते. पण नाव लपवून माणूस थांबत नाही, हे अटारीत दिसून आले.

अटारीतच वॉरन रॉबिनेट नावाचा एक कारीगर होता. त्याने ‘ॲडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला आणि कंपनीला न सांगता त्यात एक गुप्त खोली ठेवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा एक ठिपका शोधून योग्य जागी नेला की त्या खोलीत वाट मिळे आणि तिथे खेळ कुणी केला ते नाव झळके. १९८० साली खेळ बाजारात गेला, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. एका पोराने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले तेव्हा कंपनीला कळले. खेळ कार्ट्रिजच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, बदलायचा तर नव्याने साचा करण्याचा खर्च. शेवटी ते नाव तसेच राहिले. शालीच्या काठात, उलट्या बाजूला, एखादा विणकर आपली खूण विणून ठेवतो ना, तसे.

आणि ‘स्पेस इनव्हेडर्स’ची हकिकत तर याहून बोलकी आहे. हा खेळ मूळचा जपानच्या टायटो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली केलेला. अटारीने रीतसर परवाना घेऊन १९८० साली तो घरच्या डब्यावर आणला. हा एक खेळ खेळता यावा म्हणून लोक डबा विकत घेऊ लागले आणि डब्यांची विक्री चौपट झाली असे सांगतात. घरच्या डब्यासाठी तो रिक मॉरर या कारीगराने लिहिला होता. लाखोंनी खपलेल्या या मालाबद्दल त्याच्या हाती सुमारे ११ हजार डॉलर पडल्याची नोंद आढळते. त्यानंतर त्यानेही अटारीला रामराम ठोकला.

वेगळी पेढी

वर सांगितलेल्या चौघांनी मात्र बाहेर पडून स्वतःची पेढी काढली. संगीताच्या धंद्यातला अनुभवी जिम लेव्ही त्यांना भेटला आणि १ ऑक्टोबर १९७९ रोजी ‘ॲक्टिव्हिजन’ची स्थापना झाली. डबा अटारीचा, पण त्यात चालणारे कार्ट्रिज अटारीखेरीज दुसऱ्याने बनवायचे, हा प्रकार त्यापूर्वी कुणी केलाच नव्हता. १९८० साली त्यांचे पहिले चार खेळ आले. अटारीने कोर्टात दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली, ॲक्टिव्हिजनने अटारीला हिस्सा द्यायचे कबूल केले आणि बाहेरच्याने माल बनवण्याची वाट एकदाची मोकळी झाली.

लेव्ही गाण्यांच्या रेकॉर्डच्या धंद्यातून आलेला. रेकॉर्डच्या पाकिटावर गायकाचे नाव आणि फोटो असतोच. तोच रिवाज त्याने इथे लावला. ॲक्टिव्हिजनच्या खोक्यावर खेळ करणाऱ्याचे नाव, आतल्या पुस्तिकेत त्याचा फोटो आणि खेळाविषयी त्याने खेळणाऱ्यांना सांगितलेल्या दोन गोष्टी. खर्च किती आला असेल? छापखान्यात शाईचे चार थेंब. पण गिऱ्हाईक आता नावाने खेळ मागू लागले. क्रेनचा नवा खेळ आला का, असे दुकानात विचारणे सुरू झाले. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हुशार सौदा हाच.

याच पेढीवर १९८२ साली कॅरोल शॉ या बाई आल्या. त्यांचा जन्म १९५५ चा, कॅलिफोर्नियातला. वडील यंत्र अभियंता. बर्कलेच्या विद्यापीठात त्यांनी संगणकाचे उच्च शिक्षण घेतले आणि १९७८ साली त्या अटारीत लागल्या. व्हिडिओ गेम लिहिण्याची नोकरी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. कॅसारसाहेब एकदा कारीगरांच्या खोलीत फेरी मारायला आले असता काय म्हणाले, ते शॉ यांनी मुलाखतीत सांगितले आहे: चला, आता बाई मिळाली, आता लाली-पावडरचे रंग जुळवण्याचे आणि घर सजवण्याचे खेळ करता येतील! शॉ यांनी तिथे त्रिमितीय फुली-गोळ्याचा आणि सोंगट्यांचा असे बुद्धीचे खेळ लिहिले, मग टँडम नावाच्या संगणक कंपनीत काही काळ काढला आणि तिथून ॲक्टिव्हिजनला आल्या.

त्यांच्या मनात आधी अंतराळातल्या लढाईचा खेळ होता. ॲलन मिलर म्हणाले, अंतराळाचे खेळ बाजारात फार झाले, दुसरे काही काढा. धंद्यात असा सल्ला देणारा माणूस जवळ असणे ही मोठी गोष्ट आहे. मग शॉ यांनी चौकटीचा कागद घेतला आणि वरून खाली सरकत जाणारी नदी त्यावर रेखाटली. होय, तोच चौकटीचा कागद, ज्यावर आपला नक्शावाला एकेक घर भरत बुटी काढतो. दोघांचे काम आतून किती सारखे आहे ते पुढे पाहा.

चार हजार घरांची नदी

अटारीच्या कार्ट्रिजमध्ये या खेळासाठी जागा होती ४०९६ बाइट. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, आपण आत्ता वाचत असलेला हा लेख संगणकात ठेवायचा तर त्याला याच्या दसपट जागा लागेल. आणि यंत्राची चालू स्मरणशक्ती, म्हणजे खेळताना गुण किती, विमान कुठे, इंधन किती हे लक्षात ठेवायची पाटी, ती फक्त १२८ बाइटची. देवनागरीची चाळीसेक चिन्हे त्यात कशीबशी मावतील.

दुसरी अडचण याहून मोठी. आजच्या यंत्रात पडद्यावरचे पूर्ण चित्र आधी आठवणीत तयार होते आणि मग दिसते. या डब्याला तेवढी आठवणच नव्हती. टीव्हीचा किरण पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, मग खालची ओळ, असे करत सेकंदाला साठ वेळा पडदा भरतो. कारीगराला प्रत्येक ओळीसाठी यंत्राचे फक्त ७६ ठोके मिळत. तेवढ्यात या ओळीवर कोणता रंग, कुठे काठ, कुठे जहाज हे यंत्राला सांगून मोकळे व्हायचे, कारण किरण थांबत नाही. आम्हाला तर यात लूमच दिसतो. धोटा एका बाजूने सुटला की त्या बाण्यासाठी कोणते ताणे वर आणि कोणते खाली हे तोवर ठरलेले पाहिजे. चुकले की कापडावर डाग. इथे फरक एवढाच की हे कापड विणून होताच विरते आणि पुन्हा विणायला घ्यावे लागते.

काठांचे पाहा. या यंत्रात मागचे स्थिर चित्र अर्ध्या पडद्यापुरते, वीस घरांचेच देता येई. उरलेला अर्धा भाग एक तर त्याची नक्कल किंवा आरशातली उलटी प्रतिमा. शॉ यांनी आरसा निवडला. म्हणून त्या नदीचा डावा काठ जिथे आत येतो तिथे उजवाही आत येतो, मध्ये बेट आले तर तेही दोन्हीकडून सारखे. आपल्याकडे फुलाचा अर्धाच नक्शा काढून दुसरा अर्धा उलटवून घेतात आणि पत्ते वाचवतात, त्यात आणि यात काहीही फरक नाही. खेळणाऱ्याला मात्र ती खरी वाहती नदी वाटते.

पण सर्वांत मोठी कारागिरी पुढे आहे. नदी संपतच नाही. पूल येतो, तो उडवला की नवा टप्पा, मग पुन्हा पूल. एवढी लांब नदी चार हजार बाइटमध्ये मावली कशी? उत्तर असे की नदी त्यात साठवलेलीच नाही. साठवलेला आहे तो नदी बनवण्याचा नियम. एक ठरावीक आकडा घ्यायचा, त्यातले अंक एक घर सरकवायचे, रिकाम्या घरात जुन्याच काही अंकांवरून ठरणारा नवा अंक बसवायचा आणि जो आकडा तयार होईल त्यावरून पुढचा काठ रुंद की अरुंद, बेट की मोकळे पाणी, जहाज की हेलिकॉप्टर हे ठरवायचे. पुन्हा सरकवायचे, पुन्हा ठरवायचे. दिसायला सगळे लहरीप्रमाणे, पण सुरुवातीचा आकडा दर वेळी तोच, म्हणून नदी दर वेळी तीच. जगातल्या प्रत्येक घरात तिसऱ्या पुलानंतरचे वळण एकसारखे. पोरांना ती पाठ झाली, आणि पाठ होते म्हणूनच ती खेळत राहिली.

१८०४ साली फ्रान्सच्या जाकार्डने भोके पाडलेल्या पत्त्यांवरून रेशीम विणून दाखवले. त्यात नक्शा जेवढा लांब तेवढे पत्ते जास्त. शॉ यांच्या नदीत नक्शा कितीही लांबो, पत्ते तेवढेच. आमच्या धंद्यातल्या माणसाला याची किंमत कळावी.

आता खेळाकडे वळू. विमान थांबवता येत नाही, फक्त हळू किंवा जलद करता येते. काठाला घासले की संपले. जहाज पाडले तर ३० गुण, हेलिकॉप्टर ६०, जेट विमान १००, पूल ५००. दहा हजार गुणांना एक विमान जादा मिळते. खाली इंधनाचा काटा सतत उतरत असतो. वाटेत इंधनाचे डेपो लागतात, त्यांच्यावरून विमान नेले की टाकी भरते. पण तोच डेपो गोळी घालून उडवला तर ८० गुण रोख मिळतात! इथे या बाईंची धंद्याची नजर आम्हाला दिसते. डेपो म्हणजे भांडवल. आज विकून नफा पदरात घ्यायचा की पुढच्या वाटचालीसाठी राखायचे? टाकी भरलेली असताना उडवणारा शहाणा, काटा तळाला असताना ८० गुणांच्या मोहात पडणारा पुढच्या वळणावर पाण्यात. पुढे पुढे डेपो विरळ होत जातात आणि हिशोब अधिकच कडक होतो. आणखी एक युक्ती आहे: हळू चालवून डेपोवर रेंगाळायचे, टाकी भरून घ्यायची आणि निघता निघता तो उडवायचा. असले व्यापारी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

या खेळात कापडालाही एक जागा होती. ॲक्टिव्हिजनने अशी योजना ठेवली होती की, खेळात ठरलेले गुण मिळवा, टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवा आणि कंपनीकडून कापडी बिल्ला मिळवा. ‘रिव्हर रेड’साठी १५ हजार गुणांची अट होती. पोरे तो बिल्ला जाकिटावर शिवून शाळेत जात. भरतकाम केलेला वीतभराहून लहान तुकडा, पण ज्याच्या बाहीवर तो त्याच्या वर्गात त्या खेळाची जाहिरात फुकट. आज हे जुने बिल्ले हौशी लोक पैसे मोजून घेतात.

‘रिव्हर रेड’ दहा लाखांहून अधिक खपला. पश्चिम जर्मनीत मात्र त्याला वेगळा अनुभव आला. तिथल्या सरकारी मंडळाने १९८४ साली तो मुलांना घातक म्हणून यादीत टाकला. या यादीत गेलेल्या अगदी पहिल्या व्हिडिओ गेमपैकी तो एक. नाव यादीतून निघाले ते २००२ साली. लढाईचा खेळ मुलांच्या हाती द्यावा का, हा प्रश्न गैर नाही. आमच्या घरातही त्यावर वाद झाले आहेत. पण पडद्यावरच्या चार चौकोनांचे हे विमान पाहून आजची पोरे हसतील, हेही खरे.

आपल्याकडे हे खेळ आले ते बहुतेक मागच्या दाराने. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आखातातून सुट्टीवर येणारे नातेवाईक टेपरेकॉर्डर आणि सुगंधी साबणाबरोबर कधी टीव्ही गेमचा डबाही आणत. त्यात नकली माल भरपूर असे, एकाच डब्यात कित्येक खेळ कोंबलेले. आम्ही पाहिलेल्या अशा एका डब्यात नदी होती, विमान होते, पूल होता. पडद्याच्या तळाशी अस्सल खेळात कंपनीचे नाव असते, ती जागा मात्र पुसलेली होती. कॅरोल शॉ हे नाव तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. खोकेच नव्हते, पुस्तिका कुठली असणार?

बाजार बुडाला तो असा

नक्कल आणि गर्दी यांनी मूळ बाजाराचेही वाटोळे केले. ॲक्टिव्हिजनचा नफा पाहून अमेरिकेत जो तो कार्ट्रिज बनवू लागला. ओटचा नाश्ता विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनेही खेळांचा विभाग उघडला होता! कारीगर अनुभवी की कच्चा हे पाहायला कुणाला सवड नव्हती. आपल्याकडे एखादा रंग चालला की महिनाभरात सगळ्या गल्ल्यांत तोच रंग लूमवर चढतो आणि मग कापड सुताच्या भावातही जात नाही, तेच तिथे झाले. १९८२ च्या नाताळात दुकाने मालाने भरली आणि तो उठला नाही. दुकानदारांनी न खपलेला माल परत पाठवायला सुरुवात केली. नव्या कंपन्यांकडे परत द्यायला ना रोकड होती ना बदली माल. त्यांनी शटर ओढले. मग दुकानदारांनी तोच माल पाच-पाच डॉलरला टोपलीत टाकला. तीस-चाळीस डॉलरचा चांगला खेळ शेजारी मांडलेला, टोपलीत पाच डॉलरचा रद्दी खेळ. मुलाला घेऊन आलेला बाप कुठे हात घालणार?

अटारीने स्वतः कमी उड्या मारल्या नाहीत. ‘ई.टी.’ या गाजलेल्या सिनेमावरून खेळ काढण्याचा हक्क तिने दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेला घेतल्याचे सांगतात. सौदा उशिरा झाला आणि नाताळ तोंडावर आला, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कारीगराला खेळ लिहायला फक्त पाच आठवडे देण्यात आले. तयार माल लाखोंनी अंगावर पडला. १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतील ॲलमोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत अटारीने ट्रक भरभरून माल पुरला. पुष्कळ वर्षे लोक ही दंतकथा समजत होते. २०१४ साली खणून पाहिले तेव्हा कार्ट्रिज खरोखरच निघाली.

कॅसारसाहेबांचे काय झाले? त्यांच्या कारकिर्दीत अटारीची विक्री १९७७ मधील साडेसात कोटी डॉलरवरून दोन अब्ज डॉलरपुढे गेली होती, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मालक कंपनी वॉर्नरने डिसेंबर १९८२ मध्ये नफा अपेक्षेपेक्षा कमी होणार असे जाहीर केले. त्याच्या वीसेक मिनिटे आधी साहेबांनी आपले काही शेअर विकले होते. त्यावरून चौकशी झाली, प्रकरण गुन्हा कबूल न करता तडजोडीत मिटले. १९८३ च्या जुलैत त्यांनी खुर्ची सोडली. त्या एका वर्षात अटारीला पन्नास कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला आणि १९८४ मध्ये वॉर्नरने घरगुती खेळांचा विभाग विकून टाकला. २०१७ साली कॅसार वारले.

ॲक्टिव्हिजनही या पुरात सापडली. संस्थापक एकेक करून बाहेर पडले, पेढीचे नाव आणि मालक बदलत गेले. तरी ती उभी राहिली आणि २०२३ साली मायक्रोसॉफ्टने तिच्यापासून वाढलेली कंपनी ६८ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली. टॉवेलचे नक्शे काढणाऱ्या चौघांच्या पेढीची ही किंमत.

कॅरोल शॉ यांनी १९८४ मध्ये ॲक्टिव्हिजन सोडली आणि पुन्हा टँडममध्ये गेल्या. १९९० साली, वयाच्या पस्तिशीतच, त्या नोकरीतून निवृत्त झाल्या. एवढ्या लवकर निवृत्त होता आले त्यात ‘रिव्हर रेड’च्या यशाचा मोठा वाटा आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१७ साली खेळांच्या धंद्यातील एका मोठ्या सोहळ्यात त्यांचा गौरव झाला. आपल्याजवळचे जुने सामान, रेखाटने आणि ‘रिव्हर रेड’ ज्या ओळींनी चालतो त्या मूळ मजकुराची कागदावर छापलेली प्रत त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराच्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयाला देऊन टाकली. हे सामान तिथे त्यांच्या नावाने जपलेले आहे.